साडेसहा चौरस फूट

१

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळचा चहा झाला की मी टॉवरच्या तारांचा ताण मोजतो. घरामागच्या अंगणात माझा साठ फुटी लोखंडी टॉवर आहे. त्याच्या मानेपासून तीन जाड तारा तीन दिशांना खाली येतात आणि जमिनीत पुरलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांना आवळलेल्या असतात. या तारांना आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या बोलीत 'गाय वायर' म्हणतात. त्यामुळे आमची ही गेली पंधरा वर्षं तोच विनोद करत आली आहे.

"अहो, झाल्या का गायी बांधून?"

"बांधल्या."

"दूध?"

"आटलंय."

यावर आम्ही दोघंही दर वेळी हसतो. संसारात असे काही विनोद जुने झाले तरी टाकवत नाहीत.

माझी नोकरी पुलांच्या तपासणीत गेली. निवृत्त झालो आणि रेडिओ हाच दिवसभराचा उद्योग झाला. आमच्या क्लबात तीसेक लोक आहेत. प्रत्येकाच्या घरी एक रेडिओ, छपरावर किंवा टॉवरवर अँटेना, आणि रोज सकाळी सात वाजता एकाच फ्रिक्वेन्सीवर हजेरी. मला सगळे 'इंजिनियर' म्हणतात. कुणाच्या टॉवरवर काय चढवायचं आणि किती, हे विचारायला माझ्याकडेच येतात. म्हणजे यायचे.

लोकांना वाटतं टॉवर वजनानं पडतो. वजनाचं फारसं काही नसतं. टॉवर पाडतो तो वारा. अँटेना वाऱ्याला किती अंग दाखवते, ते चौरस फुटांत मोजतात, आणि टॉवर बनवणारा सांगतो की इतक्या चौरस फुटांपर्यंत मी उभा राहीन, त्यापुढे तुमचं तुम्ही बघा. माझ्या टॉवरला पंधरा चालतात. मी तीनच चढवलेत. माझ्या स्वतःच्या बाबतीत मी फार सावध माणूस आहे.

त्या रविवारी वारा अजिबात नव्हता. दोरीवरचे कपडे ठोकून बसवल्यासारखे सरळ लोंबत होते. मी तारेवर ताण मोजायचा चिमटा लावला. नेहमी तिन्ही तारा एकशेऐंशी किलो दाखवतात, दोन-चार इकडे तिकडे. फाटकाकडच्या तारेनं दीडशे दाखवले. भिंतीकडच्या तारेनंही दीडशेच. पाण्याच्या टाकीकडची तार पश्चिमेची. तिनं दाखवले दोनशे साठ.

याचा अर्थ एकच होतो. पश्चिमेकडून जोराचा वारा टॉवरला ढकलतो आहे, आणि टाकीकडची तार त्याला धरून ठेवते आहे.

मी मान वर करून बघितलं. वर आभाळ होतं, माझी छोटीशी अँटेना होती, आणि एक पानही हलत नव्हतं.

२

अशा वेळी शहाणा माणूस आधी मोजण्याच्या यंत्राला दोष देतो. मी चिमट्याला माहितीतलं वजन टांगून बघितलं, चिमटा बरोबर होता. मग उन्हाला दोष दिला, पण ऊन तिन्ही तारांवर सारखंच होतं. मग ठोकळा सरकला असेल म्हणून टाकीकडच्या तारेचा पेच दोन फेरे सैल केला. तार सैल झाली, आकडा खाली आला, मी हात पुसले आणि जेवायला गेलो.

सोमवारी सकाळी तीच तार तीनशे दहा दाखवत होती.

"आज कुठला रविवार?" ही खिडकीतून म्हणाली.

"सहज बघतोय."

"सहज बघताना तोंड असं होत नाही कुणाचं."

मी तारेवर तळहात ठेवला. तार थरथरत होती. बारीक, एकसारखी, दातांत जाणवेल अशी. मोठ्या वाऱ्यात तारा अशा गुणगुणतात, ते मला ठाऊक आहे. मी कान लावला आणि लगेच काढला. तारेतून वाऱ्याचा आवाज येत होता. गुणगुण नव्हे, वारा. उघड्या मैदानातून घरांवर येतो तसा, मधूनच दम घेणारा.

कान काढल्यावर अंगणात चिडीचूप.

मी पुन्हा कान लावला नाही. पुलावर काम करताना आमचे जुने साहेब म्हणायचे, जे समजत नाही ते वहीत लिहून ठेव आणि पुढचा खांब बघ. मी वहीत लिहिलं, 'सोमवार, वारा शून्य, पश्चिम ३१०', आणि पुढचा खांब नसल्यामुळे तिथेच उभा राहिलो.

३

गुरुवारी वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. मास्तरही निवृत्तच, आधी शाळेत गणित शिकवायचे, आणि क्लबात माझ्याइतकं जवळचं त्यांना कुणी नव्हतं. सात महिन्यांपूर्वी मोठ्या वाऱ्यात त्यांचा टॉवर पडला. त्या वेळी मास्तर वर होते. टॉवर शेजारच्यांच्या पडवीवर आडवा झाला आणि पडवीत बसलेल्या शेजाऱ्यांच्या आईचा हात खांद्यापासून गेला.

क्लबानं छोटीशी चौकशी केली. अहवाल कुणी लिहायचा? इंजिनियरनंच. मी लिहिलं की, टॉवरमालकानं नुकतीच एक जास्तीची अँटेना कुणाचाही तांत्रिक सल्ला न घेता बसवली होती. एवढंच वाक्य. ते गावभर झालं. मास्तर हौसेपायी गेले आणि म्हातारीचा हात घेऊन गेले, असं लोक म्हणू लागले.

वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाणीही घेतलं नाही.

"भावजी, मी घर विकायला काढलंय. शेजारी समोरून येताना दिसले की मी रस्ता बदलते. त्या आजी दारात बसलेल्या असतात, बाही पिन लावून दुमडलेली. रोज ते बघायचं... नाही होत आता."

"असं नका करू, वहिनी," ही म्हणाली.

"जायच्या आधी सगळ्यांची माफी मागतेय. तुमचीही मागायची होती." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही हाकेच्या अंतरावर होतात. फुकट सांगितलं असतंत. पण अँटेना चढवायच्या आधी यांनी विचारलं नाही. का नाही विचारलं, तेच मला कळत नाही. तसे ते फार भिडस्त. तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प राहिले असतील. त्यांच्या वतीनं मला माफ करा."

मी म्हणालो, "अहो, माफी कसली."

एवढंच म्हणालो. आवाजही नीट निघाला. माझ्या समोर एक बाई हात जोडून बसली होती, आणि मी मोठ्या मनानं तिला माफ केलं.

त्या गेल्यावर ही कपबशा उचलायला वाकली आणि न बघताच म्हणाली, "मास्तरांनी विचारलं होतं तुम्हाला."

मी टेबलावरची वही उगाच सरळ केली.

"याच टेबलावर. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही कागदावर सही करत होतात. मास्तर म्हणाले, 'चला, सुटलो.' मला वाटलं होतं, आज ना उद्या तुम्ही स्वतःच सांगाल."

"सात महिने तू..."

"हो. सात महिने," ती म्हणाली आणि आत गेली.

४

मास्तरांनी खरंच विचारलं होतं. त्यांच्या टॉवरला नऊ चौरस फूट चालत होते. आधीची अँटेना साडेसहाची, नवी अडीचची. साडेसहा आणि अडीच नऊ. मी तोंडी बेरीज केली, कागदावर 'हरकत नाही' लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. चहा निवायच्या आत.

पण ते नऊ चौरस फूट टॉवरच्या मानेशी धरायचे असतात. मास्तरांची नवी अँटेना मानेच्या वर नऊ फूट, दांड्याच्या टोकाला बसणार होती. भरलेली बादली छातीशी धरणं वेगळं आणि लांब काठीच्या टोकाला अडकवून धरणं वेगळं. हे मी नवख्या पोरांना शिकवत आलो होतो. मास्तरांनी मला उंची सांगितलीही होती. मी ऐकली, आणि हिशेबात धरली नाही.

तो कागद मास्तरांच्या रेडिओच्या टेबलावर काचेखाली होता. त्यांना नेल्यानंतर घर माणसांनी भरलं होतं. मी त्या खोलीत एकटा गेलो, काच उचलली, आणि कागद घडी करून खिशात घातला. बाहेर येऊन वहिनींच्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

शुक्रवारी मी वही घेऊन बसलो आणि उलट हिशेब मांडला. तारेवर इतका ताण येतो आहे, तर वर वाऱ्याला किती अंग दाखवलं जातंय? वारा कुठला धरायचा? माझ्या अंगणात तर नव्हताच. म्हणून मी मास्तरांचा टॉवर पडला त्या दिवशीचा धरला. पश्चिमेचा, वेधशाळेनं नोंदवलेला. का धरला ते विचारू नका, पेन्सिल तिकडेच गेली.

माझे तीन फूट वजा केले. उरले नऊ.

मी पुन्हा केला. दांड्याची उंची धरून केला, न धरून केला, आकडे बदलून बघितले. माणूस स्वतःला पटवायला निघाला की गणितातही वाटा सापडतात. मला मात्र त्या दिवशी एकही सापडली नाही.

वर बघितलं तर माझी छोटी अँटेना आणि मोकळं आभाळ.

५

नंतरच्या आठवड्यात ताण वाढत गेला. आधी टॉवरवर कबुतरं बसायची, ती बसेनाशी झाली. टाकीकडच्या ठोकळ्याच्या कडेची माती बोटभर उचलली गेली होती, जणू कुणी ठोकळा खालून उपसतंय. टॉवर पूर्वेला पडला तर तो स्वयंपाकघरावर पडेल. मी हिला म्हटलं, काही दिवस तुझ्या बहिणीकडे जाऊन ये.

"कशाला?"

"टॉवरचं जरा काम काढायचंय."

"मग काढा. मी काय टॉवर धरून बसलेय?"

टॉवर उतरवणारा जुना गडी बोलावला. तो ओळखीचा, पुलावर माझ्या हाताखाली होता. त्यानं ताण बघितला, ठोकळा बघितला, वर बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"साहेब, वर काय आहे?"

"दिसतंय तेवढंच."

"मग मी नाही चढत."

"का रे?"

"दिसतंय तेवढ्याला तार इतकी ताणली जात नाही," तो म्हणाला. चहासाठीही थांबला नाही.

शनिवारी सकाळी मी आतल्या खोलीत रेडिओपाशी होतो. ही अंगणात कपडे वाळत घालत होती. तिथूनच तिनं हाक मारली.

"अहो, मिळाला का दुसरा माणूस? सांगायचं तरी, चहा ठेवला असता."

"कुठला माणूस?"

"वर चढलाय तो."

मी बाहेर आलो. वर कुणी नव्हतं. ही हातात ओला टॉवेल धरून जमिनीकडे बघत होती. सकाळच्या उन्हात टॉवरची सावली अंगणावरून टाकीपर्यंत पडते. तिची एकेक आडवी पट्टी मला पाठ आहे.

"इथे दिसला," तिनं सावलीच्या टोकाकडे बोट केलं. "दांड्याला मिठी मारल्यासारखा. आता नाहीये." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ढग आला असेल."

आभाळात ढग नव्हता. आम्ही दोघंही आभाळाकडे बघायचं टाळत होतो.

मी तिन्ही तारा मोजल्या आणि हिशेब केला. माझे तीन सोडून, साडेपंधरा. नऊ आणि वर साडेसहा.

साडेसहा कसले? मास्तरांच्या जुन्या अँटेनाचे साडेसहा नऊमध्ये आलेच होते. हे वेगळे होते. मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिलो. पुलावर वाऱ्याचा हिशेब करताना एक गोष्ट आम्ही नेहमी धरायचो. उभा माणूस, खांद्यापासून पायांपर्यंत, वाऱ्याला साधारण तेवढंच अंग दाखवतो.

६

रविवारी मी तो कागद घेऊन वहिनींकडे गेलो. खोकी बांधून ठेवलेली, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, माझी बेरीज चुकली, अहवाल मी खोटा लिहिला, कागद मी चोरला.

मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे विचारलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या.

"हो."

"विचारलं होतं!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "मला ठाऊकच होतं. न विचारता करणारा माणूस नव्हता तो. पेन घ्यायचं तरी विचारून घ्यायचे."

त्या कागद घेऊन तशाच शेजारी गेल्या. मी खिडकीतून बघत होतो. त्या आजींच्या शेजारी बसल्या, कागद दाखवला. आजींनी उरलेल्या हातानं तो धरला, लांब नेला, जवळ आणला, मग वहिनींच्या गुडघ्यावर हात ठेवला. परत आल्या तेव्हा वहिनी रडत होत्या आणि हसतही होत्या.

"भावजी, चूक कुणाचीही होते. तुम्ही सांगितलंत हे किती मोठं आहे."

त्यांनी मला चहा करून दिला. बिस्किटंही दिली. मी ती खाल्ली.

पण अजून एक गोष्ट होती, आणि त्या चहानंतर ती मला सांगता येईना. घरी येऊन क्लबाच्या सेक्रेटरीला फोन केला, अहवाल दुरुस्त करायचा म्हटलं. तो दातांचा डॉक्टर आहे. म्हणाला, "जाऊ द्या ना इंजिनियर, बरा झालेला दात आता कशाला उकरताय?" मी म्हटलं, दुरुस्त कराच. बोलताना मला जरासं बरंही वाटलं, हे कबूल करतो.

मग अंगणात जाऊन तारा मोजल्या. ताण उतरला होता. धावतच आत येऊन हिशेब केला.

नऊ गेले होते. साडेसहा तसेच होते.

७

ती गोष्ट अशी. टॉवर पडला त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी रेडिओपाशी होतो. कामाचा दिवस, फ्रिक्वेन्सीवर कुणी नव्हतं. वारा चढत होता. मास्तरांचा आवाज आला.

"इंजिनियर, ऐकताय का? वरचा दांडा वाकल्यासारखा वाटतोय. राहू देऊ, का उतरवू? ओव्हर."

'वरचा दांडा' हे शब्द ऐकले आणि त्याच क्षणी मला माझी चूक कळली. लख्ख कळली. हात माइककडे गेलाही. मग मला वाटलं, आणखी कुणी ऐकत असेल तर? इंजिनियर चुकला, हे क्लबभर होईल. आधी नीट हिशेब करू, मग आकड्यांसकट सांगू. मी माहितीपुस्तक काढलं. मास्तर दर दोन-तीन मिनिटांनी विचारत होते. आवाज तसाच सौम्य. "इंजिनियर, असाल तर बोला. ओव्हर." मी आकडे मांडत होतो. माझं उत्तर फक्त एका शब्दाचं होतं, त्याला आकडे लागतच नव्हते.

शेवटी ते म्हणाले, "बरं, मीच जाऊन बघतो."

बावीस मिनिटं झाली होती. रेडिओवर घड्याळ आहे.

८

मी स्वतः चढायचं ठरवलं. हिला सांगितलं. ती म्हणाली, "या वयात? गुडघे बघा स्वतःचे." पण अडवलं नाही. पट्टा कमरेला बांधताना तिनं मागून बक्कल घट्ट केलं, आणि कपड्यांची बादली घेऊन अंगणातच राहिली, मला दिसेल अशी.

चाळीस फुटांपर्यंत काही नव्हतं. लोखंड उन्हानं कोमट झालेलं, खाली परिचित अंगण, शेजाऱ्यांचं छप्पर, आपलं छप्पर वरून किती मळकं दिसतं हा विचार. पंचेचाळीसला माझी बाही फडफडली.

पन्नासला वाऱ्यानं मला टॉवरवर दाबलं. पश्चिमेचा, गार, धुळीचा वारा. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी खाली बघितलं. दोरीवरचे कपडे सरळ लोंबत होते. हिच्या कपाळावरची एक बटही हलत नव्हती.

टॉवर वाकत होता. मला तो पोटाशी जाणवत होता. मी हूक अडकवला, दोन्ही हातांनी पट्टी धरली आणि मान वर केली.

माझ्या डोक्यावर तीन-चार फुटांवर एका आडव्या पट्टीवर चपटा झालेला बुटाचा तळवा होता. त्याच्या वर पँटची कड वाऱ्यानं फडफडत होती, आणि त्या कडेत बारीकसा पांढरा घोटा. त्याच्या वर मी बघितलं नाही. मला बघता आलं असतं. मी मुद्दाम बघितलं नाही.

काही ऐकू आलं नाही. पण कुणीतरी विचारून थांबलंय, हे जसं पाठीलासुद्धा कळतं, तसं मला कळलं.

"नाही," मी म्हणालो. वाऱ्यात माझंच मला ऐकू येईना. मी ओरडलो. "नाही, मास्तर! चालणार नाही! माझी चूक झाली. मी ऐकत होतो. उतरा! उतरा खाली!"

माझ्या हाताखालची पट्टी हलली. तळवा उचलला गेला आणि खालच्या पट्टीवर आला. मग दुसरा पाय. ते उतरत होते. आणि वाटेत मी होतो.

मी कसाबसा हूक सोडवून टॉवरच्या दुसऱ्या अंगाला सरकलो, तोंड लोखंडाला लावलं आणि डोळे मिटले. एकेका पट्टीचा थरकाप माझ्या कपाळातून खाली गेला. माझ्या मनगटावरून गार, ओलसर कापड घासत गेलं. फार सावकाश गेलं. वयस्कर माणूस शिडी उतरतो तसं, प्रत्येक पायरी चाचपत.

मग वारा थांबला. थांबला म्हणजे नव्हताच.

मी डोळे उघडून खाली बघितलं. ही टॉवरच्या पायाशी बादली घेऊन उभी होती. मी बघत असताना ती दोन पावलं बाजूला सरली, बादली दुसऱ्या हातात घेतली आणि जराशी भिंतीला टेकली. अरुंद जागेतून कुणी जाताना आपण वाट देतो, तशी.

खाली आल्यावर मी विचारलं, "आता तू कुणाला वाट दिलीस?"

"कुणाला म्हणजे? तुम्ही उतरलात ना, तुम्हालाच..." ती थांबली. टॉवरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तर तेव्हा वरच होतात," ती हळू म्हणाली.

त्यानंतर आम्ही दोघं दार लावून घरात बसलो, भर दुपारी.

९

तिन्ही तारा एकशेऐंशी. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. ठोकळ्याकडची माती मी पायानं दाबून सारखी केली.

आता मला कुणाला काही सांगायची गरज नव्हती. टॉवर सरळ उभा होता, वहिनींनी घर विकायचं रद्द केलं होतं, शेजारी त्यांच्याकडे येत-जात होते. मी वर जे बोललो ते ऐकायला कुणी नव्हतं. मी चार दिवस या सुखात काढले. पाचव्या दिवशी ही जेवताना म्हणाली, "वर चढून तुम्ही ओरडलात, 'मी ऐकत होतो.' काय ऐकत होतात?"

मी सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "आत्ता जा."

वहिनी खोकी सोडत होत्या. मला बघून खूश झाल्या, खुर्चीवरची भांडी उचलून जागा करून दिली. मी बसलो नाही. उभ्यानं सांगितलं, जसं झालं तसं. पहिली हाक, माइककडे गेलेला हात, माहितीपुस्तक, शेवटचं वाक्य.

त्यांनी एकच विचारलं.

"किती वेळ?"

"बावीस मिनिटं."

"बावीस," त्या म्हणाल्या. हातातलं वर्तमानपत्र, ज्यात पेला गुंडाळलेला होता, ते त्या नीट घडी करत राहिल्या. घडी झाल्यावर पुन्हा उलगडलं.

"मी त्यांना म्हटलं होतं, चढू नका," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कुणाला तरी जुनी हकीकत सांगावी तसा होता. "म्हटलं, थोडं थांबा, भावजी सांगतील काहीतरी. तर म्हणाले, अगं, ते घरी नसणार. ते ऐकत असते, तर बोलले असते."

मग त्या उठल्या, दार उघडलं आणि ते धरून उभ्या राहिल्या. माझ्या चपला उंबऱ्याशी समोरच होत्या, तरी मला त्या बराच वेळ सापडेनात.